मायांग बाहेर येते. आवाज कधी बाहेर येणार?



ज्या दुखण्याला आपल्या बायांच्या बोलीत नाव आहे, पण ते नाव चारचौघांत घ्यायची चोरी आहे, अशा दुखण्याबद्दल हा लेख आहे. मायांग बाहेर येणे. कोणी म्हणते अंग येणे, कोणी म्हणते अंग पडणे. त्याच्याच जोडीने खोकले, शिंकले, हसले, ओझे उचलले की लघवी सुटणे. आर्वीच्या वस्त्यांमध्ये आणि तालुक्यातल्या खेड्यांमध्ये बाया एकमेकींना हे सांगतात, पण पुरुष उठून गेल्यावर आणि आवाज खाली करून. दवाखान्यात सांगत नाहीत. नवऱ्याला सांगत नाहीत. आणि चळवळीच्या बैठकीत तर हा विषय निघण्याचा प्रश्नच येत नाही.

तो निघाला पाहिजे, असे आमचे ठाम म्हणणे आहे. कारण हे दुखणे नशिबाने येत नाही. बाळंतपणात बाईच्या शरीराला जी इजा होते ती सगळ्याच जातींच्या बायांना होते. पण ती इजा भरून निघणार की आयुष्यभर पुरणार, हे बाळंतपणानंतरच्या विश्रांतीवर, अन्नावर आणि उपचारावर ठरते. आणि विश्रांती कोणाला, अन्न कोणाला, उपचार कोणाला, हे या देशात जात आणि जमीन ठरवते. म्हणून मायांगाचा प्रश्न हा आरोग्याचा आहे तितकाच जातीचा आहे, मजुरीचा आहे आणि आपल्या घरातल्या पुरुषसत्तेचा आहे.

आधी शरीर समजून घेऊ. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीच्या आधाराने जागेवर राहतात. नऊ महिने पोटातल्या बाळाचा भार तीच झेलते. बाळ बाहेर येताना ती कैक पटीने ताणली जाते, कधी फाटते. सिझर झाले तरी नऊ महिन्यांचा भार चुकलेला नसतो. ही झोळी पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. त्या काळात बाईने डोक्यावर पाण्याचे गुंड घेतले, सरपणाची मोळी उचलली, दिवसभर वाकून निंदण केले, तर पोटातला दाब सगळा त्या ओल्या जखमेवर येतो. वरून कमी वयातले बाळंतपण, लागोपाठची बाळंतपणे, अंगात रक्त नाही, चुलीच्या धुराने जुनाट खोकला, बद्धकोष्ठ. झोळी सैल पडते आणि अवयव खाली सरकतात. यात बाईचा दोष कुठे आहे? पाप कुठे आहे? लाज कुठे आहे?

आता आर्वीकडे बघा. कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा यांचा हा मुलूख. कापसाची वेचणी किलोवर मोजली जाते. सोयाबीनची सोंगणी ठेक्याने जाते. किलोवर मजुरी मोजली जाते तेव्हा ओल्या बाळंतिणीला सूट नसते. कमरेला कापसाची ओटी बांधून ती ओळीने वाकत जाते, ओटी भरली की गाठोडे डोक्यावर. हंगाम थांबत नाही आणि वावर तिचे नसते. ज्या घरात वावर आहे, गडी आहे, बाहेरून येणारा पगार आहे, त्या घरातली बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असते. ज्या घरात रोजची मजुरी हेच उत्पन्न, तिथे सव्वा महिन्याचा हिशेब पंधरा दिवसांवर येतो.

"सगळ्याच बायांना होते, यात जात कशाला आणता?" असे विचारणाऱ्यांनी मुक्ता साळवे वाचावी. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. त्या लहान वयात तिने आपल्या बायांच्या बाळंतपणाबद्दल लिहिले. घरावर छप्पर नसताना थंडी-पावसात त्या कशा बाळंत होतात, आणि बाळंतपणात रोग झाला तर वैद्याला नि औषधाला पैसा कुठून आणणार, हे तिने विचारले. दलित स्त्रीच्या लेखणीतून उतरलेल्या अगदी पहिल्या मजकुरात बाळंतपण आहे! एकशे सत्तर वर्षांपूर्वी एका मुलीला जे लिहायची लाज वाटली नाही, ते बोलायची आज आपल्या पदवीधर तरुणांना लाज वाटावी?

यात एक पेच आहे, तोही स्पष्ट बोलू. ब्राह्मणी धर्माने बाळंतिणीला विटाळ मानले. तिला अंधाऱ्या खोलीत बसवले, तिच्या हातचे पाणी वर्ज्य केले. बाळाची नाळ कापणारे हात गावकुसाबाहेरचे, ते त्या दिवसापुरते लागायचे आणि पुन्हा अस्पृश्य व्हायचे. हा विटाळ आपण 1956 साली दीक्षाभूमीवर फेकून दिला, ते योग्यच झाले. पण त्या विटाळाच्या आडून का होईना, सवर्ण घरातल्या बाईला चाळीस दिवस ओझ्यापासून सुटका मिळत होती. आपली काही मंडळी आता म्हणतात, "आम्ही विटाळ मानत नाही, आमच्या घरची सून आठव्या दिवशी कामाला लागते." यात पुरोगामीपणा कसला? विटाळ ही अंधश्रद्धा आहे. विश्रांती हे विज्ञान आहे. विटाळ नाकारायचाच, विश्रांती हक्काने मागायची.

दुसरा आक्षेप नेहमीचा. "संविधान धोक्यात आहे, आरक्षण संपवले जात आहे, अत्याचार वाढले आहेत, आणि तुम्ही बायांच्या दुखण्याचे काय घेऊन बसलात?" अशांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या तारखा ओळीने मांडाव्यात. मार्च 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह. डिसेंबर 1927 मध्ये मनुस्मृतीचे दहन. आणि जुलै 1928 मध्ये तेच बाबासाहेब मुंबई विधिमंडळात उभे राहून कामगार स्त्रियांच्या बाळंतपण लाभाच्या विधेयकाचे समर्थन करतात. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली तो कायदा झाला. 1938 साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आणला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला, सभागृहाने तो पाडला. 1943 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपण लाभाच्या कायद्यात दुरुस्ती केली. चवदार तळ्याचे पाणी आणि बाळंतिणीची विश्रांती हे त्यांच्यासाठी एकाच लढ्याचे दोन भाग होते. आपण कोण त्यातला एक भाग छोटा ठरवणारे?

आणि हे फक्त बाबासाहेबांचेही नव्हते. जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या. त्यांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला, कामगार स्त्रियांच्या रजेचा आणि इजा झाल्यास भरपाईचा ठराव केला. विदर्भातल्या आपल्या आज्यांनी शरीर आणि श्रम हे राजकारणाचे विषय आहेत हे तेव्हाच ठरवून टाकले होते.

मग आज परिस्थिती काय आहे? 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार बाईची बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली. चांगले झाले. शेतमजूर बाईला काय मिळते? पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे 5000 रुपये, तेही हप्त्याने. 26 आठवड्यांवर वाटून बघा, दिवसाला साडेसत्तावीस रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात कोणती बाई वावरात जायचे टाळू शकेल?

सरकार सांगते की महाराष्ट्रात जवळपास 95 टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचाच तो आकडा आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणाने माता वाचतात, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर त्या बाईकडे कोण बघते? आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. त्या फेऱ्या आखल्या आहेत मुख्यतः नवजात बाळासाठी. बाळाचे वजन होते, ताप बघितला जातो. आईला खाली जड वाटते का, लघवी सुटते का, हे विचारणारा रकाना हवा. जिल्ह्याच्या आरोग्य पाहणीच्या पत्रकात लसीकरण आहे, रक्तक्षय आहे, सिझरचा टक्का आहे. मायांगाची ओळ नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी निधी येत नाही.

आणि हे माहीत नव्हते असेही नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. 92 टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त आजार. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बाया फक्त 8 टक्के. हे विदर्भातले संशोधन जगभर गाजले. ज्या विदर्भातून ते निघाले, तिथल्या बायांच्या वाट्याला त्यातून काय आले?

त्यांच्या वाट्याला आला एकच सल्ला: "पिशवी काढून टाका."

हा सल्ला कुठे नेतो ते बीडने दाखवले. 2019 साली ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोड मजुरांमध्ये भरणा कोणाचा असतो? भूमिहीन, दलित, बंजारा, भटके. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतच्या याचिकेवर निकाल देताना, त्या रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. हे कागद आर्वीच्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये असले पाहिजेत.

कारण मायांग बाहेर येते म्हणून पिशवी काढणे हा प्रत्येक वेळी इलाज नाही. सैल पडली ती झोळी. काढली जाते ती पिशवी. झोळी सैलच राहिली तर पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो, लघवीचा त्रास तसाच राहू शकतो. आणि पिशवी वाचवून ती जागेवर बांधायच्या शस्त्रक्रिया जगाला दिल्या कोणी? मुंबईतल्या मराठी डॉक्टरांनीही! डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. व्ही. एन. पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवल्या जातात. तरुण बाईची पिशवी राखता यावी म्हणूनच त्या निघाल्या. ज्ञान महाराष्ट्रात जन्मले, पण ते गरीब बाईपर्यंत पोचले नाही. ज्ञान कोणापर्यंत पोचू द्यायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

मग बाईने काय करावे? हे तुमच्या घरातल्या बायांना वाचून दाखवा, म्हणून साध्या शब्दांत सांगतो.

पहिला उपाय फुकट आहे. वायू रोखताना आणि लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतात, ते आत आणि वर ओढायचे. पाच मोजेपर्यंत धरायचे, मग तितकाच वेळ सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. थांबवता येते का हे एकदा कळले की पुरे, रोज लघवी करताना हा व्यायाम करू नये. पुढे हळूहळू दहा मोजेपर्यंत न्यावे. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली या व्यायामाची मांडणी केली. तीन-चार महिने नेमाने केला तर लघवी सुटणे आणि सुरुवातीच्या पायरीवरचे अंग येणे यात खरोखर फरक पडतो. खोकण्याआधी, ओझे उचलण्याआधी हेच स्नायू आवळून घ्यावेत. पाणी भरपूर प्यावे, शौचाला जोर करू नये.

दुसरा उपाय कडीचा. मऊ सिलिकॉनची कडी डॉक्टर आत बसवतात, ती अवयव वर धरून ठेवते. ठराविक काळाने ती काढून धुवावी लागते, तपासणी करावी लागते. बाई स्वतःही शिकू शकते. शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा सोसणार नाही अशा बाईसाठी हा मोठा आधार आहे.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. अंग पूर्ण बाहेर आले असेल तर केवळ व्यायामाने ते आत जात नाही, हेही खरे. पण कोणती शस्त्रक्रिया, पिशवी राहणार की जाणार, हे विचारायचा तिला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचा हक्क आहे.

आणि बाहेर आलेल्या भागाला जखम झाली, रक्त जाऊ लागले, लघवी अडली, किंवा बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी ठिबकतच राहिली, तर थांबू नये. सतत ठिबकणे म्हणजे लघवीच्या मार्गाला भोक पडलेले असू शकते. तेही शस्त्रक्रियेने बरे होते.

आता भावांनो, तुमच्याशी. रमाईच्या त्यागाची गाणी आपण दर जयंतीला वाजवतो. तिने गोवऱ्या थापल्या, उपास काढले, चार लेकरे गमावली. हे सगळे खरे आहे. पण सोसणे हाच बाईचा मोठेपणा आहे, असा अर्थ त्या गाण्यांतून काढून घरच्या बाईला सोसायला लावणे, हा रमाईचा अपमान आहे. बायको बाळंत झाली तर सहा महिने पाणी तुम्ही भरा. सरपण, सिलिंडर, धान्याचे पोते तुम्ही उचला. तिला दुखत असेल आणि ती नको म्हणत असेल, तर तिचा नकार माना. समतेची सुरुवात मोर्चाच्या बॅनरपासून होत नाही, डोक्यावरच्या गुंडापासून होते.

लघवी सुटते, वास येईल, या भीतीने कित्येक बाया वंदनेला विहारात येणे बंद करतात. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजारी होता, आपल्याच मलमूत्रात पडून होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि स्वतः आनंदाच्या जोडीने त्या भिक्खूला धुतले. ज्याचा शास्ता असा, त्याच्या विहारात बाईला आपल्या दुखण्याची लाज वाटत असेल, तर विहारातल्या मंडळींनी स्वतःला प्रश्न विचारावा.

जगात हे झालेले आहे. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाच्या बैठकांचा खर्च सरकारी विमा उचलतो. पण फ्रान्स लांब आहे, नेपाळ बघा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला की मायांग बाहेर येण्याचा प्रश्न हा स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न आहे आणि सरकारने त्यासाठी पावले उचलली पाहिजेत. नेपाळ आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तिथे कोणीतरी कोर्टात जाऊन बोलले, एवढाच फरक.

जानेवारी 2022 मध्ये आर्वीचे नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकले. एका खाजगी दवाखान्याच्या आवारात अर्भकांच्या कवट्या आणि हाडे सापडली म्हणून. कॅमेरे आले आणि गेले. सनसनाटी असली तरच बाईच्या गर्भाशयाची बातमी होते. रोज वाकून चालणाऱ्या बाईची बातमी कोणी करणार नाही. ती आपणच केली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा. आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस बाळंतपणानंतरच्या तपासणीचा असावा; तिथे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट असावी आणि कड्यांचा साठा असावा. सेवाग्राम-सावंगीच्या वाऱ्या करून मजुरी बुडवायची वेळ बाईवर येऊ नये. आशाताईच्या नोंदवहीत मायांगाचा आणि लघवीचा प्रश्न यावा, आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. बाळंतपणात पोटावर जोर देऊन बाळ ढकलण्याची पद्धत बंद व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 सालीच ती करू नये असे म्हटले आहे. शेतमजूर बाईला सहा महिन्यांची मजुरी बाळंतपण भत्ता म्हणून मिळावी. तालुक्यात होणाऱ्या प्रत्येक गर्भाशय शस्त्रक्रियेची कारणासह नोंद जाहीर व्हावी.

यातले काही उद्याच सुरू करता येईल. 2005 चा माहिती अधिकार कायदा हातात आहे. तालुक्यात वर्षाला किती पिशव्या काढल्या आणि किती कड्या बसवल्या, हे विचारणारा अर्ज लिहा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढून विहारात स्त्रीरोग तज्ज्ञ बाई डॉक्टरांचे तपासणी शिबिर लावा. महिला मंडळाच्या वंदनेनंतर दहा मिनिटे हा व्यायाम शिकवा.

बाबासाहेबांनी मूकनायक काढला तो मुक्या माणसांना वाचा देण्यासाठी. आपल्याच घरात, आपल्याच आईच्या पदराआड, एक दुखणे पिढ्यान्‌पिढ्या मुके बसले आहे. आज संध्याकाळी घरी गेलात की तिला विचारा. ती आधी "काही नाही रे" म्हणेल. तिथे थांबू नका.

जय भीम!